मच्छिंद्र ओव्हाळचा चढ

मच्छिंद्र ओव्हाळला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि तरीही तो माझ्याच दिशेनं येत होता.

नांदूरघाटच्या शाळेत गणित शिकवायला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. उजाडल्यावर फिरायला जायची सवय मी पाटोद्याहून सोबत आणली होती. गावाबाहेर माळावर चढत जाणारी एक खडकाळ वाट होती. मी वरून उतरत होतो आणि खालून एक माणूस चढून येत होता. पाठ माझ्याकडे, तोंड गावाकडे. हात जरा बाजूला काढलेले, मान ताठ. मागचा दगड पावलानं चाचपायचा, टाच टेकवायची, मग वजन टाकायचं. मी वाटेच्या कडेला झालो. माझ्या शेजारून जाताना त्यानं मान वळवली, "जय भीम सर," म्हणाला आणि तसाच उलटा वर गेला.

शाळेत मी चौकशी केली, तेव्हा शिपाई म्हणाला, "तो मच्छिंद्र. मिलिट्रीतून आलाय. लढाईत डोक्यावर परिणाम झालाय म्हणत्यात." गावातल्या काही बायांनी तर धसकाच घेतला होता, कारण उलट्या पावलांनी चालणारा कोण असतो हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "भूत असतो तर चढ कशाला चढलो असतो? उडत गेलो असतो की."

वयानं तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बोलताना आम्ही एकमेकांना कायम अहो-जाहो केलं, पण आठवतो तेव्हा तो मला 'तो'च आठवतो.

ओळख झाली ती शाळेच्या मैदानामुळे. शाळा सुटल्यावर मैदान वापरायला मिळावं म्हणून तो मुख्याध्यापकांकडे अर्ज घेऊन आला होता. परवानगी मिळाली आणि तो बाहेरच्या पायरीवर बसून बूट सोडायला लागला. मी शेजारी बसलो आणि उलटं चालण्याचं विचारलं. त्यानं उत्तर देण्याऐवजी पाय मोकळा करून समोर धरला. डाव्या पायाला एकही बोट नव्हतं. उजव्याची कडेची दोन नव्हती. डाव्या बुटाच्या चवड्यात जुन्या गोधडीच्या चिंध्या भरून शिवलेली छोटी गादी होती, ती त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, बनवलेली.

"माणूस पुढं जातो सर, तेव्हा शेवटचा धक्का बोट देतं," तो म्हणाला. "माझ्याकडं धक्का देणारं कुणी राहिलं न्हाई. मग मांडीला अन् टाचेला शिकवायचं. दवाखान्यात केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी सांगितलंतं, उलटं चाल, मांडी लवकर शिकती."

"आणि डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चालशील म्हणाले. पळायचं विसर म्हणाले." त्यानं बूट परत चढवला. "चालायचं त्यांनी कबूल केलं ना? पुढचं मी बघतो."

पळणं हे त्याचं शिक्षण होतं, नोकरी होती आणि बरंचसं गणितही होतं. तो अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगत नसे. चारशे मीटरची एक फेरी, हे त्याचं माप. बाजार अडीच फेऱ्यांवर, दवाखाना चार फेऱ्यांवर, आणि केजचं अंतर विचारलं तर तो क्षणभर डोळे मिटून हिशोब करून सांगे. कुठल्याही टिकून राहिलेल्या वस्तूबद्दल त्याचा एकच शेरा असे, "दम हाय अजून." जुना कंदील, म्हातारा बैल, शाळेचं गळकं छप्पर, सगळ्यांत त्याला दम दिसे.

बीडला भरतीसाठी गेला तेव्हाची हकीकत तो रंगवून सांगायचा. पायात मावसभावाचे कॅनव्हासचे बूट, एक नंबर मोठे. तो इतक्या लवकर आला, की भरतीच्या साहेबाला वाटलं, पोरानं एक फेरी गाळली. साहेबानं त्याला पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा पळायला लावलं. तो पुन्हा पहिला आला. "दुसऱ्यांदा जरा हळू आलतो," तो म्हणे, "साहेबाला बरं वाटावं म्हणून." फौजेत तो पाच हजार मीटर पळू लागला. पलटणीसाठी पदकं आणली. देशपातळीवरच्या स्पर्धेच्या सराव शिबिरात त्याचं नाव लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली.

खेळाडूंना शिबिरात थांबायची मुभा होती. यानं परत जायचा अर्ज केला. प्रशिक्षकांनी खुळ्यात काढलं तेव्हा याचं म्हणणं एवढंच होतं, की ज्यांच्याबरोबर जेवलो ती माणसं वर आणि मी खाली गोल गोल पळू का?

पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं, एका रविवारी दुपारी, मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

वरच्या चौकीवर पाणी आणि वायरलेसच्या बॅटऱ्या पोचवायच्या होत्या. छातीत दम असलेले दोघं निवडले. एक मच्छिंद्र, दुसरा बलवीर नावाचा हिमाचलचा जवान. अर्ध्या चढावर तोफगोळा पडला. मच्छिंद्रच्या उजव्या मांडीत लोखंड घुसलं. बलवीरची मांडी फाटली आणि रक्त थांबेना. मच्छिंद्रनं त्याला ओढत एका खडकाच्या कपारीत नेलं. पट्टी बांधूनही रक्त येतच राहिलं, तेव्हा त्यानं स्वतःच्या डाव्या बुटाची नाडी काढली, बलवीरच्या मांडीवर आवळून बांधली आणि काडीनं पिळली. रक्त थांबलं.

नाडी नसलेला बूट तोंड वासून राहिला. त्यात बर्फ जात राहिला. वरून मारा चालू होता, हलायची सोय नव्हती. दीड दिवस दोघं त्या कपारीत होते.

"पायाचं तुम्हाला कळलं नव्हतं?" मी विचारलं.

"कळलंतं की. आधी दुखत होता, मग दुखायचा थांबला. थांबला तेव्हाच समजलो."

"मग त्याच्या बुटाची नाडी घेऊन..."

"त्याचा बूट नीट होता सर. त्याचा कशाला उसवायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बलवीर गेला. दुपारी आपली माणसं पोचली.

मग, आज मला लाज वाटते, पण मी गणिताचा मास्तर, मी विचारलं, की मग नाडी देऊन काय साधलं? हा प्रश्न त्याला गावात पुष्कळांनी विचारला असणार. तो रागावला नाही.

"दीड दिवस साधला," तो म्हणाला. "त्या दीड दिवसात तो माझ्याशी लई बोलला."

काय बोलला, ते त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही. एक निरोप आहे, एवढंच म्हणाला. बलवीरचं घर डोंगरात, गाडीरस्ता संपल्यावर तीन तासांच्या चढावर. तो निरोप पत्रानं पाठवायचा नव्हता आणि कुणाच्या खांद्यावर बसून वर जाऊनही द्यायचा नव्हता. ज्या माळावर तो रोज उलटा चढत होता, तो माळ म्हणजे त्या डोंगराची तयारी होती.

त्याचा हट्ट काही वेळा गमतीचा होई. भागातल्या एका पुढाऱ्यांनी, लोक त्यांना आबासाहेब म्हणत, सव्वीस जानेवारीला शेजारच्या गावात त्याचा सत्कार ठेवला आणि आणायला जीप पाठवली. हा जीपवाल्याला म्हणाला, "तुमी व्हा पुढं. धा फेऱ्या तर हाय. येतो चालत." मंडपात माईकवरून तीनदा त्याचं नाव पुकारलं गेलं. भाषणं संपली, लोक उठायला लागले, हारातली फुलं मलूल झाली, तेव्हा हा धुळीनं भरून आला. स्टेजवर त्याच्यासाठी गादी घातलेली खुर्ची होती. तिच्यावर तो बसला नाही.

आबासाहेब चिडलेच होते. "अहो, जीप पाठवलेली. कावून चालत आलात?"

"तुमी पायाचा सत्कार करताय ना आबासाहेब," हा शांतपणे म्हणाला. "मग पायानंच यायला पायजे."

पण तोच हट्ट घराला जाचक होता. त्याच वर्षी पावसाळ्यात माळावरच्या ओल्या खडकावरून तो घसरला. डाव्या पायाची जुनी जखम उघडली, चिघळली, आणि तीन आठवडे बीडच्या दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टर आणखी कापायचं म्हणत होते. ते टळलं. मी भेटायला गेलो त्या दिवशी सुमनवहिनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. अंगणवाडीत काम करणारी, मोजकं बोलणारी बाई. मी आहे हे पाहूनही त्या थांबल्या नाहीत.

"तार आलती तेव्हा तुमी गेले असंच मी समजले होते," त्या म्हणाल्या. "एक दिवस, एक रात. मग दुसरी तार आली, जिवंत हाय म्हणून. आता रोज सकाळी तुमी माळावर गेलात की मी तसंच समजायचं का? सांगा ना. तसं असंल तर मी तयारीत राहते."

छताकडे बघतच मच्छिंद्र म्हणाला, "मग तू चल संग."

आणि त्या गेल्या. पाय भरून आल्यावर, पुढचं जवळजवळ वर्षभर, अंगणवाडी उघडायच्या आधी, दोघं माळ चढायचे. तो उलटा वर चाललेला, त्याच्यासमोर चार पावलं खाली, त्याच्याकडे तोंड करून सुमनवहिनी चाललेल्या. त्याच्या खांद्यावरून त्यांना मागची वाट दिसे. "दगड हाय. डावीकडं. आता सपाट." एवढंच बोलणं. नवरा-बायको एकमेकांकडे बघत डोंगर चढताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत. भुताची गोष्ट गावात तिथंच संपली.

लढाईला अडीच वर्षं झाली त्या सुमाराला तो एकटा हिमाचलला गेला. पाठीवर पिशवी, तिच्यात ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. काठी नेली नाही. पंधरा दिवसांनी परत आला आणि थेट माझ्या खोलीवर येऊन बसला. चहा घेतला. आणि मग, न विचारता, सगळं सांगितलं.

तीन तासांचा चढ त्याला सहा तास लागला. सरळ चढला, जिथं वाट फारच उभी होती तिथं उलटा. घराबाहेर बलवीरची आई गवत कापत होती. यानं नाव सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला आणि आधी पाणी दिलं.

निरोप असा होता. सुट्टीवर आला असताना बलवीरनं गोठ्याचं छप्पर नीट करायचं कबूल केलं होतं आणि केलं नव्हतं. त्यावरून आईशी भांडण झालं आणि तो न बोलता निघून आला. कपारीत त्याला तेच लागून राहिलं होतं. अम्माला सांग, पूर्वेच्या कोपऱ्यात गळतं, गाईला तिथं बांधू नको.

"मी सांगितलं," मच्छिंद्र म्हणाला. "म्हातारी हसली सर. पैल्यांदा हसली. म्हणली, छप्पर मी त्याच महिन्यात दुरुस्त केलंतं, अन् गाय तर मागल्या साली मेली. अडीच वर्षं मी तो निरोप जपून ठेवलता."

त्यानं पेल्यात बघितलं. चहा संपला होता.

"मग हसता हसता थांबली. म्हणली, थंडी वाजत होती का त्याला?"

"काय सांगितलंत?"

"खरं सांगितलं. म्हणलं, लई वाजत होती. पण एकटा न्हवता."

मच्छिंद्र तिथं आठ दिवस राहिला. छप्पर पश्चिमेच्या कोपऱ्यात गळायला लागलं होतं, ते त्यानं नीट केलं. तिनं त्याच्या हातची भाकरी खाल्ली आणि जाड आहे म्हणाली. निघताना पुढच्या साली सफरचंदं उतरवायला ये असं बजावलं. तेव्हापासून तो दरवर्षी जाऊ लागला.

मला वाटलं होतं, डोंगर झाला, आता हा थांबेल. त्याच आठवड्यात त्यानं माझ्या हातात एक स्टॉपवॉच ठेवलं. फौजेतलं, काचेला चरा गेलेलं.

"आता पळायचं. वेळ तुमी लावायची."

"मीच का?"

"गावात बाकी सगळे मला बरं वाटंल असं बोलत्यात. तुमी गणिताचे."

शाळा सुटल्यावर तो मैदानावर पळू लागला. सुरुवातीला ते पळणं नव्हतं, वेगानं लंगडणं होतं. बोटांचा धक्का नसल्यानं प्रत्येक पाऊल जमिनीवर सपाट आपटे. महिन्यांमागून महिने गेले, आवाज हलका झाला. तो पाच हजार मीटर पळे, मी वेळ सांगे, तो वहीत लिहून ठेवे. सहा महिने वेळ कमी होत गेली आणि मग एका जागी अडकली. आठवड्यामागून आठवडा तीच. त्याचा चेहरा उतरायला लागला. एके दिवशी तो इतका दमून आला, की गुडघ्यांवर हात ठेवून वाकूनच राहिला. मी घड्याळ बघितलं, आणि चार सेकंद कमी सांगितले.

त्यानं मान वर केली. माझ्याकडे जरा वेळ बघितलं. घड्याळासाठी हात पुढं केला, पण मी शून्याचं बटण दाबून टाकलं होतं.

"सर," तो हळूच म्हणाला, "तुमी मला चार सेकंदाची भीक घातली."

तो घड्याळ घेऊन निघून गेला. आठ दिवस एकटाच पळाला. मी वर्गाच्या खिडकीतून बघायचो. स्वतःच बटण दाबायचा, पळायचा, येऊन दाबायचा. नवव्या दिवशी मी मैदानावर गेलो आणि सरळ सांगितलं, "चुकलं माझं. पुन्हा नाही होणार." त्यानं घड्याळ माझ्याकडे दिलं. त्या दिवशीची वेळ आधीपेक्षा सहा सेकंदांनी वाईट होती. मी तशीच सांगितली. "बरोबर हाय," तो म्हणाला आणि त्यानं ती लिहून घेतली.

त्याच वर्षी हिवाळ्यात बीडला दहा किलोमीटरची शर्यत होती. आयोजकांना तो माजी सैनिक असल्याचं कळलं आणि त्यांनी त्याला झेंडा दाखवायला बोलावलं. "झेंडा दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला. "मला छातीवर लावायचा नंबर द्या." त्यांनी विचारलं, अपंगांची वेगळी शर्यत आहे, दोन किलोमीटरची, त्यात घेऊ का? त्यानं विचारलं, दहाची कुठून सुरू होते?

सुमनवहिनी आणि मी शेवटच्या रेषेपाशी उभे राहिलो. पहिला आला, टाळ्या झाल्या. मग पंधरा-वीस आले, मग घोळका आला. सत्काराची घाई सुरू झाली आणि लोकांनी रस्ता मोकळा ठेवायचंही सोडून दिलं. रिक्षावाले हॉर्न वाजवत मधून जाऊ लागले. सुमनवहिनी रस्त्यात उतरल्या आणि दोन्ही हात पसरून त्यांनी एक रिक्षा अडवली.

"एक माणूस यायचाय अजून," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. "थांब जरा."

तो वळणावरून दिसला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. डावा बूट चवड्याशी लाल झाला होता. पण मान ताठ होती आणि पाऊल नियमित पडत होतं. रेषा ओलांडली, कडेला जाऊन ओकला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे आला.

"किती?"

"एकोणसाठ मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद."

तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला. "खरं?"

"खरं."

तासाच्या आत. त्यानं मनाशी तेवढंच ठरवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. सुमनवहिनी बूट सोडायला खाली बसल्या होत्या. तो भर रस्त्यात, त्या रिक्षावाल्यासमोर, खाली मांडी घालून बसला आणि रडला. कपारीची गोष्ट सांगताना, डोंगरावरून आल्यावर, कधीच मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

पुढं माझी बदली झाली. आता निवृत्त होऊन मी बीडमध्येच असतो. तो फोन करतो, त्याची खबर कळते. शाळेतल्या मुली-मुलांना त्यानं बरीच वर्षं पळायला शिकवलं, त्यातल्या दोघी पोलिसात आहेत. हिमाचलची म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली. मला वाटलं, आता त्याचं जाणं थांबलं असेल.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी मी बीडच्या एसटी स्टँडवर पाटोद्याच्या गाडीची वाट बघत होतो. ऊन असं, की पत्र्याखालीही डोळे उघडवत नव्हते. समोर संभाजीनगरची गाडी लागली होती आणि रांगेत मच्छिंद्र उभा होता. केस पांढरे, अंग तसंच काटक. शेजारी सुमनवहिनी, आणि त्यांच्या हातावर नवाकोरा लोकरी स्वेटर.

"कुठं निघालात?"

"बलवीरच्या पुतणीचं लगीन हाय," तो म्हणाला. "पत्रिकेत नाव घातलंय आमचं. दोघांचं."

"ह्यांनी एवढी वर्षं सांगितलं," सुमनवहिनी म्हणाल्या, "ते बघून तरी येते एकदा. किती चढ हाय ते."

"चढवेल तुम्हाला?"

"दम हाय की अजून," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

दार उघडलं, लोक घुसले, हे दोघंही गर्दीत आत गेले. जागा मिळाली नाही. खिडकीतून ते मला मधल्या मोकळ्या जागेत उभे दिसत होते. गाडी हलली. स्टँडच्या फाटकाशी चालकानं एकदम वळण घेतलं, गाडी कलली, उभे असलेले सगळे एका बाजूला झुकले. मच्छिंद्रच्या डोक्यावरच दांडी होती. तो तिच्याकडे गेला नाही. त्यानं हात सुमनवहिनींच्या खांद्यावर ठेवला, आणि गाडी सरळ झाल्यावरही तो तिथंच राहू दिला.